तांडेलबाईंचं पान चौतीस

एखादी गोष्ट मी घरात फार ठासून सांगायला लागलो की माझी बायको विचारते, "करून पाहिलंत का?" हा प्रश्न तिनं माझ्याकडून उचलला आणि मी तांडेलबाईंकडून. फरक एवढाच, की बायको विचारून आपल्या कामाला लागते. तांडेलबाई विचारून थांबायच्या. टाइपरायटरच्या दोन बाजूंना दोन हात टेकून समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहायच्या, आणि उत्तर आल्याशिवाय त्यांची बोटं पुढच्या अक्षरावर जायची नाहीत.

मी त्यांना दिलेल्या उत्तरांपैकी एक उत्तर खोटं होतं. त्याबद्दल पुढे सांगतो. ते वगळून बाईंबद्दल सांगायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे, पण जमत नाही.

आमची कंपनी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मालकांनी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं तो बघायला आली होती. लोखंडी कपाटाएवढं ते धूड, त्याला जोडलेली आठ टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, आणि त्याच्यासाठी खास थंड केलेली खोली. पलीकडे फाउंड्रीत ओतकामाच्या भट्टीपाशी माणसं घामानं निथळत होती आणि इथे यंत्राला एसी. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळात निदान प्रसाद तरी मिळतो, इथे सर्दी मिळायची.

या यंत्राबरोबर इंग्रजी मॅन्युअलचे तीन जाडजूड ग्रंथ आले. ते वाचायचे कोणी? टर्मिनलवर बसणाऱ्या बहुतेक मुली मराठी शाळेतल्या. म्हणून आमचे विभागप्रमुख देशमुखसाहेब यांनी मराठीत मॅन्युअल काढायचं ठरवलं. मी इंग्रजी वाचून मराठीत लिहायचं, तांडेलबाईंनी ते स्टेन्सिलच्या मेणकागदावर टाइप करायचं, सायक्लोस्टाइलवर त्याच्या अकरा प्रती काढून अकरा फायलींत लावायच्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, मुलुंडहून दोन बस बदलून यायचो, आणि कॉम्प्युटरचा एक कोर्स केला असल्यामुळे स्वतःबद्दल माझं मत फारच चांगलं होतं.

हेमलता तांडेल खारदांड्याच्या. घर कोळीवाड्यातलं, नवरा आणि दीर मासेमारीला जाणारे, जाऊ बाजारात मासळी विकायला बसणारी. बाई तेवढ्या मॅट्रिक झाल्या, टायपिंग शिकल्या आणि नोटीसबोर्डावरच्या मराठी सूचना टाइप करायला कंपनीत लागल्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण केलेला विनोद आपल्यालाच फालतू वाटावा. घरून फोन आला की त्या त्यांच्या बोलीत भराभरा बोलायच्या, त्यातलं निम्मंही मला कळायचं नाही. फोन ठेवला की पुन्हा ऑफिसातलं मोजकं मराठी.

पहिल्याच दिवशी मी लिहून दिलं, "यंत्राचा पंखा सुरू झाल्यावर थोडा वेळ थांबून पुढचं बटण दाबावं." बाईंचे हात थांबले.

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे... थोडा. कळतं ते, बाई."

"मला नाही कळत. करून पाहिलंत का?"

मी नव्हतं पाहिलं. मग बाई स्वतः तीन दिवस सकाळी लवकर आल्या, चपला काढून थंड खोलीत शाल पांघरून बसल्या आणि मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ मोजला. चौथ्या दिवशी टाइप केलं, "चार मिनिटं थांबावं." मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. एका वाक्यासाठी चार दिवस घालवायचे म्हणजे मॅन्युअल आमच्या नातवंडांच्या हातात पडणार, असं मी देशमुखसाहेबांना जाऊन सांगितलंसुद्धा.

त्यांची आणखी एक पद्धत होती. टाइप केलेलं प्रत्येक पान त्या आधी गेटवरच्या गवसला वाचायला द्यायच्या. गवस सावंतवाडीकडचा, गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे वॉचमन म्हणून लागलेला. गवसला समजलं तर पान पास. गवसनं डोकं खाजवलं तर पान माझ्याकडे परत. माझ्यासारख्या कोर्सवाल्याला वॉचमननं नापास करायचं, हे मला फार लागायचं. पण एका सकाळी ऑपरेटर वेळेवर आलाच नाही, पाळी खोळंबली होती, आणि आम्ही पोचलो तेव्हा यंत्र सुरू होऊन सगळी टर्मिनलं हिरवी झालेली. गवस दारात पाय जोडून उभा.

"बाये, तुजो कागद बघून मीच चालू केलंय," तो म्हणाला. "कायएक अडला नाय."

बाईंनी त्याला शाबासकी दिली नाही. "चार मिनिटं थांबला होतास ना?" एवढंच विचारलं.

त्या गोड नव्हत्या, हे सांगून टाकलेलं बरं. रुसल्या तर आठ-आठ दिवस बोलायच्या नाहीत. एकदा चहावाल्याच्या हातून त्यांच्या तयार स्टेन्सिलवर चहा सांडला, तर त्या चहावाल्याकडून त्यांनी पुढे कधीच चहा घेतला नाही. घरून थर्मास आणायला लागल्या. शब्दांच्या बाबतीत तर माणूस जेरीला यायचा. एकदा देशमुखसाहेबांनी सूचना काढली, की एसीतून वास पसरतो, तेव्हा डब्यात "मासळी वगैरे उग्र वासाचे पदार्थ" आणू नयेत. रोख कोणाकडे होता ते सगळ्यांना कळलं. बाईंनी चेहरा न बदलता सूचना टाइप करायला घेतली आणि 'वगैरे'पाशी थांबल्या. सरळ केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, वगैरेमध्ये काय काय येतं ते सांगा. यादी टाकते."

"अहो, उग्र वासाचं सगळं."

"लसणीची चटणी?"

"हो, ती पण."

"हिंग? मुळ्याची भाजी?"

देशमुखसाहेबांच्या डब्यात दर गुरुवारी मुळ्याची भाजी असायची. त्यांनी सूचना परत मागून घेतली. बाई जागेवर येऊन म्हणाल्या, "वगैरे लिहिलं की ज्याला जो पकडायचा तो पकडता येतो." त्या दिवशी बाईंच्या डब्यात भेंडीची भाजी होती.

आता पान चौतीस.

आमच्या कॉम्प्युटरवर माहिती तक्त्यांमध्ये साठवलेली असायची. एक तक्ता पंपांच्या सुट्या भागांचा, एक कॅन्टीनच्या कुपनांचा, अशा तऱ्हेनं. पान चौतीसवर एकच गोष्ट सांगायची होती. कोणी नवा तक्ता तयार केला आणि त्याबद्दल दुसरं काहीही ठरवलं नाही, तर तो कोणाला दिसतो? इंग्रजी मॅन्युअलात लिहिलं होतं, की फक्त तयार करणाऱ्याला. मी तसंच लिहून दिलं. "नवा तक्ता फक्त तयार करणाऱ्यालाच वाचता येतो. अधिकार दिल्याशिवाय इतरांना तो उघडता येत नाही."

तो होळीचा दिवस होता. दांड्याला होळीचं केवढं महत्त्व, ते तिथल्या माणसांनाच विचारावं. बाईंनी दुपारनंतरची रजा घेतली होती, नवी साडी नेसून आल्या होत्या आणि घड्याळाकडे बघत टाइप करत होत्या. तरी हात थांबलेच.

"करून पाहिलंत का?"

"पाहिलं," मी म्हणालो.

पाहिलं नव्हतं. करून पाहायला दहा मिनिटं लागली असती. पण मला जेवायला जायचं होतं आणि छापील इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं खोटं कसं असेल, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि वाक्य टाइप केलं. पान गवसलाही दाखवलं नाही. अकरा प्रती निघाल्या, अकरा फायलींत लागल्या.

पुढे काही महिन्यांनी सुषमा पवारचं प्रकरण झालं. सुषमा आमची ऑपरेटर, घाटकोपरच्या चाळीत राहणारी, घरात एकटी कमावती. तिला कायम व्हायला महिनाच उरला होता. कॅन्टीनच्या कुपनांचा तक्ता शोधताना तिला एक अनोळखी नाव दिसलं, तिनं उघडलं, तर तो कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचा तक्ता निघाला. त्यात फाउंड्रीतल्या शिंद्यांचं नाव होतं. शिंदे तिचे चाळीतले शेजारी. त्यांच्यापुढे शेरा होता, की फुप्फुसावर डाग, पुन्हा तपासणी करावी. शेरा दीड महिन्यापूर्वीचा. शिंद्यांना त्याची कोणी वार्ताही दिली नव्हती आणि चाळीत त्यांचा खोकला भिंतीपलीकडून सुषमाला ऐकू यायचा. तिनं त्याच संध्याकाळी त्यांच्या बायकोला सांगितलं.

शिंदे दुसऱ्या दिवशी पर्सोनेल ऑफिसरच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "माझा आजार कॉम्प्युटरला कळतो, मला का नाही?" उत्तर नसलं की माणसं चौकशी लावतात, तशी ऑफिसरनं लावली. पण शेरा का दडून राहिला याची नाही, तो फुटला कसा याची. पान चौतीस उघडलं गेलं. तिथे स्वच्छ लिहिलेलं, की अधिकार दिल्याशिवाय तक्ता उघडता येत नाही. सुषमाला अधिकार दिलेला नव्हता. म्हणजे तिनं कोणाचा तरी पासवर्ड चोरला. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावर येऊ नका, असा कागद तिच्या हातात पडला.

सुषमा माझ्या टेबलाशी आली. "कर्णिक, तू सांग ना त्यांना. मी पासवर्ड नाय चोरला रे. समोर दिसलं ते वाचलं. कुलूप असतं तर मला कुठे तोडता येतंय?"

मी म्हणालो, "बघतो." बघतो म्हणणं मला तेव्हा फार सहज जमायचं.

थोड्या वेळानं तांडेलबाई आल्या. हातात फाइल, पान चौतीसवर बोट. "कर्णिक, हे करून पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं असेल."

"असेल?"

मी खाली मान घालून कागद चाळू लागलो. बाई चपला काढून थंड खोलीत गेल्या, शाल न घेता. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा त्यांची बोटं गारठली होती, ती त्यांनी पदरात धरली होती. "गवसला बोलावते. देशमुखसाहेबांना टर्मिनलपाशी आणते. तुम्ही पण चला, लागलंच तर," त्या म्हणाल्या. त्यांना सगळं कळलंय, हे मला त्या 'लागलंच तर'वरून कळलं.

खोलीत आम्ही पाचजण होतो. देशमुखसाहेब, बाई, गवस, सुषमा आणि दाराशी मी. बाईंनी एका टर्मिनलवर नवा तक्ता तयार केला आणि त्यात एकच शब्द घातला. तो आम्हाला दाखवला नाही. मग देशमुखसाहेबांकडूनच गवसच्या नावानं नवं खातं उघडून घेतलं, कोरं, कसलाही अधिकार न दिलेलं. गवसला दुसऱ्या टर्मिनलवर बसवलं. आपण लिहिलेल्या कागदावर बघून त्याला एकेक कळ दाबायला लावली. टर्मिनलवर फक्त इंग्रजी अक्षरं उमटत, पण गवस दिवसभर लॉऱ्यांचे नंबर लिहिणारा माणूस, मोठी अक्षरं त्याला येत होती.

"बी... ओ... एम..." त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, शेवटपर्यंत पोचला आणि मागे वळला. "बोंबील, साहेब."

कोणी हसलं नाही. देशमुखसाहेब वाकून दोन्ही पडदे पुन्हा पुन्हा पाहत होते.

"याला अधिकार कोणी दिला?"

"कोणीच नाही, साहेब. आपल्या यंत्रात नवा तक्ता सगळ्यांना उघडाच असतो. बंद करावा लागतो. तपासणीचा तक्ता कोणी बंद केलाच नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या दांड्यात दिवसा दार लोटलेलं दिसलं तर शेजारीण विचारते, घरात कोण आजारी आहे. उघड्या दारातून कोणी आत आलं तर त्याला चोर म्हणत नाहीत, पाणी विचारतात. सुषमा उघड्या दारातून गेली."

"म्हणजे मॅन्युअल चुकीचं आहे?"

"हो. पान चौतीस. ते पुस्तक दुसऱ्या यंत्राचं असणार."

"कोणी लिहिलं होतं ते?"

तोंड उघडायला मला दोन सेकंद पुरले असते आणि ते मी घालवले.

"टाइप मी केलं," बाई म्हणाल्या.

"लिहिलं कोणी, ते विचारतोय."

"करून न पाहता टाइप केलं ते मीच, साहेब. त्या दिवशी होळी होती."

सुषमाचा कागद मागे घेतला गेला आणि महिन्यानं ती कायम झाली. शिंद्यांची पुन्हा तपासणी झाली, औषधं सुरू झाली. तांडेलबाईंना ठपक्याचा मेमो मिळाला. त्या वर्षी त्या वरिष्ठ सहायक होणार होत्या, ते पुढे ढकललं गेलं. मेमो त्यांनी खणात ठेवला आणि पान चौतीस नव्यानं टाइप करायला घेतलं. या वेळी मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, प्रत्येक वाक्य गवसकडून करवून घेतलं.

"नवा तक्ता तयार झाला की तो सगळ्यांना वाचता येतो. हा अधिकार कोणी द्यावा लागत नाही, तो आपोआप असतो. त्यात बदल मात्र फक्त तयार करणाऱ्याला करता येतो. इतरांनी वाचू नये असं असेल, तर तयार करणाऱ्यानं तक्ता त्याच दिवशी बंद करावा. बंद न केलेला तक्ता कोणी वाचला, तर त्यानं कुलूप तोडलं असं होत नाही."

शेवटचं वाक्य देशमुखसाहेबांना काढायचं होतं. "बाई, हे मॅन्युअल आहे, कोर्टाचा निकाल नाही."

"हे पण करून पाहिलंय, साहेब. गवसनं कुठलं कुलूप तोडलं?"

वाक्य राहिलं. पानाखाली बाईंनी एक नवी चौकट आखली होती. तिच्यात तीन नावांना जागा, लिहिणार, करून पाहणार, टाइप करणार. त्याखाली आणखी एक ओळ, "या पानावरचा आधीचा मजकूर चुकीचा होता. तो लिहिणाऱ्याचं नाव" आणि पुढे कोरी जागा. स्टेन्सिल त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, वर टोकदार लेखणी ठेवली.

"ज्याचं असेल त्यानं घालावं," त्या म्हणाल्या. "मला परवापर्यंत चालेल."

दोन दिवस ते स्टेन्सिल माझ्या टेबलावर पडून होतं. मला लाज वाटत होती आणि तिच्याहून जास्त भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझं नाव त्यावर कोरलं आणि बाईंना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

मी तारीख घातली. अकरा फायलींत माझं नाव लागलं, सगळ्यांनी वाचलं. देशमुखसाहेब म्हणाले, "अच्छा, तुम्ही होय," आणि तो विषय संपला. बाईंचा मेमो मात्र मागे घेतला गेला नाही. फायलीत गेलेला कागद बाहेर कसा काढायचा, हे कोणत्याच पानावर लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर बाई माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. रुसल्याही नाहीत. दुसरंच एक झालं. मी एखादं पान नेऊन द्यायचो, त्या विचारायच्या, "करून पाहिलंत का?" मी म्हणायचो, "पाहिलं," आणि खरंच पाहिलेलं असायचं, दोन-दोनदा. त्या मान डोलवायच्या, उठायच्या, चपला काढायच्या आणि थंड खोलीत जाऊन स्वतः करून बघायच्या. मग टाइप करायच्या. पानाखालच्या चौकटीत 'लिहिणार'पुढे माझं नाव, 'करून पाहणार'पुढे हे. तांडेल. असं वर्षानुवर्षं चाललं. त्यांची चूक होती असं मी म्हणत नाही.

दशक संपत आलं तेव्हा जुनं यंत्र काढून नवं आलं. त्याच सुमारास बाईंनी नोकरी सोडायचं ठरवलं. जावेचे गुडघे गेले होते, आणि बाजारातली जागा चार दिवस रिकामी ठेवली की तिथे दुसरी कोणी टोपली मांडते, असं त्या म्हणाल्या. महिन्याअखेर जाणार होत्या. मधल्या काळात नव्या यंत्राचं मॅन्युअल लिहायला घेतलं होतं. त्यात नव्या तक्त्याच्या अधिकारांचं पान आलं. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनिअर हसून म्हणाला, "मॅडम, यात सगळं आपोआप बंदच असतं. उघडावं लागतं. नो प्रॉब्लेम."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी चपला काढून आत गेलो. एका टर्मिनलवर नवा तक्ता केला, पलीकडच्या टर्मिनलवर सुषमाला बसवलं. ती आता मुख्य ऑपरेटर होती. तिनं कोऱ्या खात्यावरून प्रयत्न केला. "नाय दिसत रे," ती म्हणाली. मग आम्ही जागा बदलून पुन्हा केलं. मग मी अधिकार देऊन, परत काढून घेऊन पाहिलं. अर्ध्या तासानं बाहेर येऊन मी पान लिहिलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते वाचलं. दोन्ही हात टाइपरायटरच्या बाजूंना टेकले.

"करून पाहिलंत का?"

"पाहिलं."

मी त्या उठतील म्हणून बाजूला झालो. त्या उठल्या नाहीत. स्टेन्सिल चढवलं, चष्मा सारखा केला आणि टाइप करायला लागल्या. मी खिडकीशी उभा राहून पाठमोऱ्या बाईंकडे पाहत होतो. मजकूर संपला, चौकट आली. 'लिहिणार'पुढे त्यांनी माझं नाव टाइप केलं. 'करून पाहणार'पुढे त्यांची बोटं नेहमीसारखी थांबली, आणि मग तिथेही त्यांनी माझंच नाव टाइप केलं, तारीख घातली आणि कागद ओढून काढला.